पदार्थ नाही, भांडी मोजा: नाशिकला भाड्याच्या घरात चार दिवस रांधायचं तर

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. वरच्या मजल्यावरून कुणीतरी चपला फटफटवत जिना उतरतं आणि आमचं दार वाजतं. "काकू, जरा मीठ मिळेल का?" दहा मिनिटांनी, "काकू, किसणी आहे?" आणि मग थेट, "काकू, कुकरची शिट्टीच होत नाहीये." वर जाऊन बघावं तर पाच माणसं कुकरभोवती उभी, ओट्यावर तीन भाज्या चिरून पडलेल्या, पोरं बिस्किटांवर, आणि कुकरच्या झाकणाची रिंग सिंकमध्ये, खरकट्या ताटाखाली.

गंगापूर रोडला आमच्या घराचा वरचा मजला आम्ही सुट्टीला येणाऱ्यांना देतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट नक्की कळली. तिथलं जेवण फसतं ते स्वयंपाक येत नाही म्हणून नाही. चांगल्या सुगरणींची फजिती झालेली मी पाहिली आहे, कारण त्या घरचाच बेत घेऊन येतात: वरण-भात, दोन भाज्या, कोशिंबीर, गरम पोळ्या. घरी डझनभर पातेली असतात, मिक्सर असतो, दुसऱ्या दिवशी भांडीवाल्या मावशी येतात. इथे एक कुकर, दोन पातेली आणि पोपडे निघालेली नॉनस्टिक कढई. म्हणून पदार्थ ठरवण्याआधी भांडी मोजायची. एका जेवणाला एक कुकर किंवा एक कढई, फार तर जोडीला एक पातेलं. त्यापुढे गेलात की सुट्टी सिंकपाशी संपते.

दुसरा नियम, दिवसातून एकदाच रांधायचं आणि ते संध्याकाळी. नाशिकला येऊन सकाळी घरात कांदे चिरत बसू नये. सकाळ मिसळीची आहे, बाहेर पडा आणि खाऊन या. दुपारी तुम्ही त्र्यंबकला, वणीच्या गडावर, पांडवलेणीला नाहीतर एखाद्या द्राक्षबागेत असणार. रात्री मात्र सगळ्यांनाच बाहेरच्या तेलाचा कंटाळा येतो, आजोबांना मऊ भात हवा असतो, लहानग्याला तिखट चालत नाही. तेव्हा स्वयंपाकघर कामाला येतं.

निघण्याआधी एक फोन

जाहिरातीत 'सुसज्ज किचन' लिहिलेलं असतं. सुसज्ज म्हणजे कधीकधी सहा काचेचे ग्लास आणि एक चहाची गाळणी. घरमालकांना फोन करून सरळ विचारा, कुणी रागावत नाही. मला तर विचारणारे पाहुणे आवडतात.

पहिला प्रश्न, गॅस आहे की इंडक्शन? इंडक्शन असेल तर कुकर आणि कढई त्यावर चालणारी आहेत का, तेही विचारा. साधं ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापतच नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालेल. दुसरा प्रश्न, कुकर किती लिटरचा? तीन लिटर आणि पाच लिटर यांत चार माणसांच्या खिचडीपुरता फरक असतो. फ्रिज आहे का? प्यायच्या पाण्याचं काय? आणि एक प्रश्न जो लोक संकोचाने टाळतात: अंडी, मटण-मासे चालतात का? पंचवटी आणि त्र्यंबकच्या बाजूला बऱ्याच घरांत चालत नाहीत. बुर्जीचा बेत ठरवून तीस अंड्यांचा ट्रे घेऊन दारात उभं राहण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. मिक्सर आहे का, हे विचारू नका. नाही असंच धरून चला. असला तरी त्याचं एखादं भांडं गळत असतं.

घरून न्यायची पिशवी

एका कापडी पिशवीत मावेल एवढंच. मिसळणाचा छोटा डबा: मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, काळा मसाला. मीठ वेगळ्या डबीत. दोन वाट्या दाण्याचं कूट, भाजून सोललेल्या दाण्यांचं. हे कूट मिक्सरची उणीव भरून काढतं, पुढे तीनदा लागणार आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली धारदार सुरी, कारण भाड्याच्या घरातल्या सुरीने टोमॅटो कापला जात नाही, चेंगरतो. काडेपेटी. दोन जुनी फडकी. आणि सांडशी. माझ्या मते सांडशी ही जगातली सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू आहे. गरम पातेलं ओढणीच्या टोकाने उतरवणाऱ्या किती जणी मी पाहिल्या असतील.

आणखी एक छोटी गोष्ट, मापाची वाटी घरचीच न्या. तुमचा हात ज्या वाटीला बसलाय त्या वाटीने मोजलं की पाण्याचा अंदाज चुकत नाही. खाली मी दिलेली सगळी मापं आमटीच्या मध्यम वाटीची आहेत, साधारण दीडशे मिलिलिटरची, आणि चार माणसांसाठी.

पहिल्या रात्रीची शिधापुडी घरूनच बांधून आणायची. तांदूळ-डाळ एका पिशवीत, आणि हळद, मीठ, गोडा मसाला यांची वेगळी छोटी पुडी त्याच पिशवीत. प्रवासाच्या दिवशी बाजारात जायला लागू नये. मुंबईहून येताना कसाऱ्याचा घाट चढून, ट्रक चुकवत कुणी रात्री आठला पोचलं, की मग "भाजी कुठे मिळेल?" हा प्रश्न घरात भांडण लावतो.

पोचल्यावर पहिला पाव तास

बॅगा उघडण्याआधी स्वयंपाकघरात जा.

सिलिंडरमध्ये गॅस किती आहे ते बघा. उचलून अंदाज येत नसेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर वरपासून खालपर्यंत पुसा आणि दोन मिनिटं थांबा. जिथवर आत द्रवरूप गॅस आहे तिथला पत्रा गार असतो, तिथलं पाणी उशिरा वाळतं. वरचा रिकामा भाग लवकर कोरडा होतो. ओलसर पट्टा अगदी तळाशीच राहिला असेल तर मालकांना त्याच वेळी सांगा, रात्री दहाला नाही.

मग कुकर. रिंग आहे का, ती कडक झालीय का, शिट्टी त्याच कुकरची आहे का, हे बघा. झाकण उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार दिसतंय ना तेही तपासा. जुन्या डाळीचा कण तिथे अडकलेला असतो. नंतर आत दोन वाट्या पाणी घालून एक शिट्टी काढा. ही चाचणी मी अनुभवातून शिकले. आम्ही स्वतः एकदा कोकणात असंच घर घेतलं होतं. कुकर एका कंपनीचा, शिट्टी दुसऱ्याच. वाफ बाजूने जात राहिली, भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. रात्री अकराला आम्ही सहा जणांनी फरसाण आणि केळी खाल्ली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण परतेपर्यंत त्यांनी मला कुकर लावू दिला नाही.

कुकर साथ देत नसेल तर घाबरायचं कारण नाही, जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून भात होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांला उकळतं. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ मुंबईपेक्षा जरा जास्त वेळ घेते. अर्धा तास आधी भिजवली की हा फरक जाणवत नाही.

फ्रिज बंद असेल तर लगेच लावा, नीट गार व्हायला त्याला काही तास लागतात. भांडी दिसायला स्वच्छ असली तरी एकदा विसळून घ्या. झाला पाव तास.

बाजार: पाव किलोच्या हिशोबाने

घरी आपण किलोने घेतो, इथे पावशेरने घ्यायचं. चार माणसं, तीन रात्री, यासाठी एवढं पुरतं: कांदे दीड किलो, बटाटे अर्धा किलो, टोमॅटो अर्धा किलो, लसूण शंभर ग्रॅम, मूठभर मिरच्या, आल्याचा एक तुकडा, कोथिंबिरीची एक जुडी, अर्ध्या लिटरची तेलाची पिशवी, शंभर ग्रॅम तूप. कांद्याला हात आखडायचं कारण नाही, लासलगाव याच जिल्ह्यात आहे. पण पाच किलोची गोणी स्वस्त पडली म्हणून उचलू नका. त्या गोण्या शेवटी आमच्या जिन्याखाली येतात.

बुधवारी नाशकात असाल तर गोदाकाठी आठवडे बाजार भरतो, तिथे जा. जुने नाशिककर नदीला गंगा म्हणतात, तेव्हा कुणी "गंगेवर बाजार आहे" म्हणालं तर गोंधळू नका, गोदावरीच. एरवी भद्रकालीची भाजी मंडई आणि किराण्याला रविवार कारंजा. तुमचं घर गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडला असेल तर तेवढ्यासाठी गावात गाडी घालू नका, पार्किंगमध्ये अर्धा तास जातो. कोपऱ्यावरचा भाजीवाला पुरेसा आहे. पावसाळ्यात त्र्यंबक किंवा पेठ रस्त्याने आलात तर कडेला आदिवासी बाया रानभाज्यांचे वाटे घेऊन बसलेल्या दिसतील. करटोली मिळाली तर घ्या, गोल काप करून कांद्यावर परतली की झालं. बाकीच्या अनोळखी पालेभाज्यांचं मात्र कशी करायची हे त्यांनाच विचारून घ्या. काही नुसत्या उकळून पाणी टाकून द्यायच्या असतात, काहींना चिंच घालावी लागते, नाहीतर घशाला खाजतात.

तांदूळ घ्यायचा तर घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी घ्या. चिकट आणि वासाचा. पुलावाला नको, खिचडीला मात्र त्याला तोड नाही.

पोळ्या करू नका. हे मी आग्रहाने सांगते. परात, पोळपाट, लाटणं, तवा, चिमटा, पिठाचा सगळा पसारा, आणि एक माणूस तासभर ओट्यापाशी. नाशकात प्रत्येक वस्तीत पोळीभाजी केंद्र आहे. पोळ्या, ज्वारी-बाजरीच्या भाकरी मिळतात, फक्त संध्याकाळी सहाच्या आत फोन करून आकडा सांगून ठेवायचा. भाजी-आमटी तुमची, भाकरी त्यांची.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात येणार असाल तर हे गणित बदलतं. २०१५ला पर्वणीच्या दिवसांत वाहनं लांब अडवत होते आणि लोक मैलोन्‌मैल चालत होते. अशा दिवसांसाठी दूध, भाजी, पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायचं.

पहिली रात्र: मऊ खिचडी

दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, सात वाट्या पाणी. तांदूळ-डाळ मिसळून तीनदा धुवा आणि निथळत ठेवा. कुकरमध्येच दोन चमचे तेल तापवा, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या लसणीच्या पाच-सहा पाकळ्या. लसूण ठेचायला खलबत्ता नसेल तर स्टीलच्या वाटीच्या बुडाने दाबा. उभा चिरलेला एक कांदा घालून कडा तांबूस होईपर्यंत परता. मग बटाट्याच्या मोठ्या फोडी, एक टोमॅटो, हळद, दोन चमचे गोडा मसाला, आणि निथळलेले तांदूळ-डाळ. शिधापुडी सगळी एकत्र बांधलेली असेल तर ती धुता येणार नाही, म्हणून बांधतानाच तांदूळ-डाळ एका पिशवीत आणि मसाले छोट्या पुडीत करून ती पुडी आत टाकायची.

दोन-तीन मिनिटं परतल्याशिवाय पाणी घालू नका. तांदळाचा दाणा तेलाने चकचकीत झाला की मगच. पाणी गरम घातलं तर उत्तम, पण त्यासाठी आणखी एक पातेलं घाण करू नका, विजेची किटली असेल तर तिच्यात तापवा. दीड चमचा मीठ, चव बघून. झाकण लावून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, मग आच बारीक करून पाच मिनिटं, आणि बंद.

आता तांदळाचं एक पथ्य. तांदूळ-डाळ घातल्यावर कुकर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरायचा नाही. ती फुगतात, फेस येतो आणि शिट्टीची नळी बुजते. वरचं माप पाच लिटरच्या कुकरला आरामात बसतं. तीन लिटरचा असेल तर दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, पाच वाट्या पाणी. पोट भरत नाही असं वाटलं तर पापड भाजा. इंडक्शनवर कुकर फार लवकर तापतो, त्यामुळे शिट्टी पटकन होते पण आतला दाणा शिजलेला नसतो. पहिल्या शिट्टीनंतर आच मुद्दाम कमी करून पुढची सात-आठ मिनिटं मोजायची. इंडक्शनवर शिट्ट्या न मोजता घड्याळ बघा.

झाकण आपोआप पडेपर्यंत वाट बघा. पोरं कितीही रडली तरी शिट्टी उचलून वाफ काढू नका, इंद्रायणीची पेज छतापर्यंत उडते. आमच्या वरच्या स्वयंपाकघराच्या छतावर पिवळा डाग आहे, तो दोन रंगांच्या हातांनीही गेलेला नाही.

उघडल्यावर खिचडी घट्ट वाटली तर अर्धी वाटी गरम पाणी घालून डावाने घोटा. वर तूप. बाजूला नाशिकचा हातपापड किंवा मूठभर चिवडा. यात वांगं, मटार, फ्लॉवर काही घालता येईल, पण पहिल्या रात्री नको. दमलेल्या माणसाला साधीच खिचडी गोड लागते.

दुसरी रात्र: शेवभाजी, मिक्सरशिवाय

खानदेश नाशिकच्या शेजारी, त्यामुळे शेवभाजी इथे घरोघरी होते. भाजी चिरायची नाही, शिजवायची नाही, सगळा जीव रश्श्यात. अडचण एकच: रश्श्याला वाटण लागतं आणि मिक्सर नाही. त्यावर माझा तोडगा असा.

तीन कांदे शक्य तितके बारीक चिरा. इथे घरच्या सुरीचं मोल कळेल. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं कोरड्या कढईत मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा आणि ताटलीत काढा. गार झाल्यावर ते कुरकुरीत होतं, मग तळहातांनी चुरडा, पूड होते. त्याच कढईत पाऊण वाटी तेल. हो, पाऊण वाटी, शेवभाजीला तेलाची कंजुषी करू नये. कांदा घाला आणि आता पंधरा मिनिटं जागेवरून हलू नका. पहिली पाच मिनिटं काही होत नाही, कांदा नुसता घाम फुटल्यासारखा ओला होतो. मग कडा पिवळ्या होतात, मग वास बदलतो. कच्चा, डोळ्यांना झोंबणारा वास जाऊन गोडसर भाजल्याचा वास येतो. कांदा गूळ विरघळल्यासारखा तपकिरी झाला आणि डावाने दाबल्यावर चेपला, की तो तयार. अर्ध्यावर सोडलात तर रस्सा कच्चट आणि पाणीदार होतो, मग कितीही मसाला ओता.

ठेचलेली लसूण आठ-दहा पाकळ्या, किसलेलं आलं, मिनिटभर परता. आच पूर्ण बारीक करून दीड मोठा चमचा काळा मसाला, एक लहान चमचा तिखट, हळद, आणि ताबडतोब दोन चमचे पाणी. मसाला जळायला दहा सेकंद पुरतात आणि जळला की कडू होतो, मग पुन्हा सुरुवात. खोबऱ्याची पूड आणि दोन मोठे चमचे दाण्याचं कूट घालून तेल सुटेपर्यंत परता. मग चार-पाच वाट्या उकळतं पाणी. गार पाणी घातलंत तर तर्री वर येत नाही. मीठ जरा हात राखून, शेवेत मीठ असतं. दहा मिनिटं मंद उकळू द्या, कोथिंबीर टाका.

शेव जाड आणि तिखट हवी, दोनशे ग्रॅम. बारीक शेव चालणार नाही, तिचा लगदा होतो. ती कढईत घालायचीच नाही. प्रत्येकाच्या वाटीत आधी शेव, वर गरम रस्सा, आणि लगेच खायला बसायचं. वाढताना फोन वाजला तर उचलू नका. लहान मुलांच्या वाटीत रस्सा कमी आणि वर दोन चमचे दही. सोबत केंद्रातल्या बाजरीच्या भाकरी, चिरलेला कांदा, लिंबू.

घासायला एक कढई. तेलकट असते म्हणून आधी कागदाने पुसून घ्या. ते तेल सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते आणि प्लंबर रविवारी येत नाही.

त्र्यंबकहून उपाशी परतल्यावर

नाशिकला येणाऱ्या निम्म्या घरांत कुणाचा तरी उपवास असतो. सोमवार, एकादशी, नाहीतर दर्शन होईपर्यंत काही न खाण्याचा नेम. त्र्यंबक शहरापासून तीसेक किलोमीटर. दर्शनाच्या रांगेत उभं राहून परतायला संध्याकाळ होते आणि दिवसभर पोटात चहा आणि केळं. अशा वेळी साबुदाणा कामाचा नाही, तो आधी भिजवायला लागतो आणि भिजवायला कुणाच्या लक्षात राहत नाही. भगर भिजवावी लागत नाही. शिवाय भगरीच्या गिरण्या नाशकातच आहेत, कुठल्याही किराणा दुकानात चांगली मिळते.

एक वाटी भगर दोन-तीनदा धुवून निथळा. बारीक खडा असतो, तेव्हा पाणी हळू ओता, खडे तळाशी राहतात. कढईत दोन चमचे तूप, जिरं, दोन मिरच्यांचे तुकडे. भगर घालून तीन-चार मिनिटं परता, दाणे हलके होऊन मोकळे वाजायला लागतात. तीन वाट्या गरम पाणी, मीठ, झाकण, मंद आच. दहा-बारा मिनिटांत पाणी आटतं. गॅस बंद करून पाच मिनिटं तशीच ठेवा, नाहीतर चमचा घातल्यावर गिचका होतो.

दुसऱ्या चुलीवर पातेल्यात दाण्याची आमटी. घरून आणलेलं एक वाटी कूट कोमट पाण्यात कालवून गुठळ्या मोडा. तूप-जिऱ्याची फोडणी, मिरची, उकडलेला बटाटा असेल तर त्याच्या फोडी, मग हे कालवलेलं कूट आणि एकूण चार वाट्या पाणी. तीन-चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. आमटी सतत ढवळा. कूट तळाला बसतं आणि उकळी आली की दुधासारखी उतू जाते, गॅसच्या छिद्रांत जाऊन बसते. कोथिंबीर घालायची की नाही हे ज्याचा उपवास आहे त्यालाच विचारा. आमच्याकडे चालते, माझ्या माहेरी चालत नाही. ज्यांचा उपवास नाही तेही हेच खातात, वेगळं काही करू नका. दोन स्वयंपाक म्हणजे दुप्पट भांडी.

पिठलं, उसळ आणि जे उरलंय ते

पिठलं सगळ्यांना येतं, म्हणून फक्त भाड्याच्या घरातली युक्ती सांगते. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात आधीच कालवून घ्या आणि ते फोडणीत ओता. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात वैरायची पद्धत छान, पण तिला ओळखीची कढई आणि सवयीचा हात लागतो. नॉनस्टिकवर लाकडी उलथनं वापरा. लोखंडी कढई मिळाली तर तळाला खरवड धरू द्या, ती खायला घरात मारामारी होते. खरवड खाऊन झाली की कढईत लगेच पाणी भरून ठेवा, सकाळी घासणीचा एक हात पुरतो.

भाजीवाल्याकडे मोड आलेली मटकी तयार मिळते, पाव किलो घ्या. शेवभाजीचा रस्सा उरला असेल तर मटकी वेगळी उकडून त्यात घाला, वर चिवडा, कांदा, लिंबू. मिसळ म्हणून मिरवू नका, नाशिककर हसतील, पण जेवण झकास होतं.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. बागेतून किंवा रस्त्यावरून पेटी घेतलीत तर पहिलं काम, मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून मग दोनदा साध्या पाण्याने धुणं. मऊ पडलेली वेगळी काढा आणि अर्धी चिरून कोशिंबीर करा: दोन वाट्या द्राक्षं, वाटीभर दही, दोन चमचे कूट, मीठ, चिमूट साखर, वर तूप-जिरं-मिरचीची फोडणी. खिचडीबरोबर लोणच्याची आठवण येत नाही.

उरलेला भात किंवा खिचडी मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका, हिवाळा असला तरी. नाशिकची थंडी बोचरी असते, पण बंद खोलीत भात आंबतो आणि पोट बिघडतं ते नेमकं परतीच्या प्रवासात. जेवणं झाली की पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये टाका. सकाळी कांद्यावर खरपूस परतला की मिसळीच्या रांगेत उभं राहण्याआधीचा आधार होतो.

निघायच्या सकाळी

आदल्या रात्री फ्रिज उघडून बघा आणि काय उरलंय ते त्याच रात्रीच्या कढईत जाऊ द्या. दोन टोमॅटो, अर्धा फ्लॉवर, चार बटाटे, सगळ्याची मिळून एक रस्साभाजी होते, तिला नाव नसलं तरी चालतं. दूध संपवा. उघडं तेल गाडीत नेऊ नका, बाटलीचं झाकण सैल असतंच आणि कपड्यांचा डाग जात नाही. मालकांना सांगून ठेवून जा, पुढच्याला उपयोगी पडतं.

रेग्युलेटर बंद करा. कुकरची रिंग आणि शिट्टी झाकणातच लावून ठेवा, सिंकमध्ये नको. आपली सुरी आणि मापाची वाटी पिशवीत गेली का बघा. आमच्या कपाटात अशा सात वाट्या आहेत, कुणाच्या कुणास ठाऊक. सांडशी मात्र आजवर एकही सापडलेली नाही.